गार हातांची खोली

"निवू द्या," आत्या म्हणायच्या आणि दोन्ही तळहात कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर टेकवून डोळे मिटायच्या. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाई प्रार्थना करतायत. प्रार्थना वगैरे काही नव्हती. त्या हात गार करत होत्या. आमच्या खोलीत गरम हातांनी कामाला बसायची बंदी होती, आणि ती बंदी कंपनीने नाही, आत्यांनी घातलेली होती.

कारखाना शिरूरजवळ. फ्रिजमध्ये, एसीमध्ये, दूध थंड ठेवायच्या टाक्यांमध्ये जे छोटे सेन्सर बसवतात ते आम्ही बनवायचो. बनवायचो म्हणजे बनवणारे दुसऱ्या शेडमध्ये, आम्ही तपासणाऱ्या. टेस्टिंगची खोली म्हणजे काचेचं दार, दोन एसी, भिंतीला लागून तो कडप्प्याचा लांब ओटा आणि सहा खुर्च्या. बाहेर उन्हाळ्याची लाही असो की थंडीतलं धुकं, आत कायम पंचवीस डिग्री. तुम्ही कधी अशा खोलीत दिवस काढलाय का? वेळ कळत नाही. सकाळ आणि दुपार सारखीच दिसते, आवाज फक्त एसीचा, आणि समोरच्या मीटरवर हिरवे आकडे हळूहळू सरकत असतात. सुरुवातीला मला तिथे झोप यायची. पुढे पुढे त्या खोलीची सवय अशी लागली की सुट्टीच्या दिवशी घरातला गोंगाट सोसेना.

आत्या त्या खोलीच्या प्रमुख. वयाने पन्नाशीच्या पुढे, बुटक्या, चष्म्याला दोरी, आणि कंपनीच्या निळ्या कोटाखाली कडक इस्त्रीची साडी. त्या कुणाच्या आत्या होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं. एका मुलीने कधीतरी हाक मारली असेल, ती सगळ्यांनी उचलली. साहेबसुद्धा, म्हणजे आमचे इंजिनिअर, जे त्यांच्या मुलाच्या वयाचे होते, तेही आत्याच म्हणायचे.

हात गार करण्याचं कारण सांगते, नाहीतर तुम्हाला ते खूळ वाटेल. आम्ही तपासायचो तो असतो एक काळा मणी, मोहरीपेक्षा जरासा मोठा, दोन बारीक तारांच्या टोकाला बसवलेला. ऊब लागली की हा मणी विजेला वाट मोकळी करून देतो, गार झाला की अडवतो. किती अडवतो हे मोजलं की तिथे किती गारवा आहे ते कळतं. सगळा धंदा एवढ्यावर. पंचवीस डिग्रीला त्याने ठरलेला आकडा दाखवला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही दाखवला तर लाल ट्रेमध्ये. आता हा मणी चिमटीत धरून क्लिपमध्ये लावायचा म्हणजे बोटांची ऊब त्याला लागणारच. आकडा आधी घसरतो, मग मणी निवला की हळूहळू वर चढतो आणि एका जागी थांबतो. त्याला आम्ही "रीडिंग बसणं" म्हणायचो. ते बसेपर्यंत वाट बघायची. बोटं गार असली की लवकर बसतं, म्हणून कडप्पा.

मला वाट बघता येत नाही. आजही येत नाही. मी आधी तांब्याच्या कॉइलच्या टेबलावर होते, तिथे उलटा प्रकार. तांबं तापलं की विजेला जास्त अडवतं. मी मण्यांच्या टेबलावर आल्यावर पहिला आठवडाभर वैतागले होते. एकाच खोलीत, एकाच उबेत, एकाने असं वागायचं आणि दुसऱ्याने तसं, हे काय? आत्यांना विचारलं तेव्हा त्यांनी मला दौंडचा फलाट समजावून सांगितला.

त्या दौंडच्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, रेल्वेत होते, गाड्यांचे डबे जोडण्या-सोडण्याच्या कामावर. त्यामुळे त्यांच्या सगळ्या गोष्टी फलाटावरून सुरू व्हायच्या.

"तांब्यात चालणारी माणसं लई," त्या म्हणाल्या. "पण उकडाय लागलं की फलाटावर जी नुसती हुबी हाईत ती चुळबुळ करत्यात. धक्के बसत्यात, वाट अडती. मण्यात तसं न्हाई. तिथं समदी मुसाफिरखान्यात झोपल्याली. ऊब लागली की एकेक उठतं आन् चालाय लागतं."

साहेब मागे उभे राहून ऐकत होते. ते हसले आणि म्हणाले की पुस्तकात जरा वेगळ्या शब्दांत आहे, पण आत्यांचं चालेल. मग त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढून दाखवल्या, एक चढणारी, एक उतरणारी. चढणारी तांब्याची, उतरणारी मण्याची. आत्यांनी त्या रेघा पुसू दिल्या नाहीत. बरेच दिवस त्या फळ्यावर होत्या, आणि जेवणाची भाजी काय आणली याची चर्चा आम्ही त्यांच्याखाली बसून करायचो.

आणि एक तिसरी वस्तू होती. मीटर बरोबर आहे की नाही ते बघायला एक पितळी डबा असायचा. त्याच्या आत मिश्र धातूची एक तार गुंडाळलेली. त्या तारेला ऊन लागो, थंडी लागो, जवळजवळ काहीच फरक पडत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास. आत्या तो डबा रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. खंडेनवमीला कारखान्यात मशिनांना हार घालतात, तेव्हा आमच्या खोलीतलं पहिलं झेंडूचं फूल त्या डब्यावर. मी एकदा चेष्टेत म्हटलं, आत्या, हा तुमचा जावई की काय? तर त्या म्हणाल्या, जावई असा असता तर अजून काय पाहिजे होतं. त्यांना मुलगी नव्हती. एक मुलगा, तो सुरतला.

कंपनीची बस सकाळी दौंडहून निघायची आणि न्हावऱ्यावरून शिरूरकडे यायची. मी न्हावऱ्याला चढायचे. आत्या दौंडपासूनच बसलेल्या असायच्या, डावीकडची खिडकी, मांडीवर डबा. थंडीच्या दिवसांत उसाच्या शेतांवर धुकं इतकं दाट असायचं की रस्ता आपण अंदाजाने कापतोय असं वाटावं. अशाच एका सकाळी त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. साहेबांनी आदल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं की काही धातू अतोनात गार केले, आपल्या कल्पनेपलीकडे गार, की विजेला अडवणं ते एकदम सोडूनच देतात. तसल्या कड्यात एकदा वीज सोडली की ती फिरत राहते. आत्यांना ते रात्रभर पुरलं होतं.

"कुणी ढकलायचं न्हाई, कुणी अडवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माणूस गेल्यावरबी असंच असंल का गं? कुठंतरी गारव्यात नुसतं फिरत ऱ्हायचं."

मी म्हटलं, आत्या, डब्यात काय आणलंय? त्यांनी डबा माझ्याकडे दिला आणि बाहेर बघत राहिल्या. धुक्यातून एक दुधाची गाडी आली आणि गेली. त्यांच्या मालकांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

आता आत्याही गेल्या. वर्ष होईल. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास नाही.

त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती म्हणजे रिटायर होण्याची. दौंडला स्टेशनच्या मागे दोन खोल्या, मुलगा लांब, घरात बोलायला कुणी नाही. रविवारी त्या दिवसभर गाड्यांच्या आवाजावरून कुठली गाडी ते ओळखत बसायच्या, असं त्यांनीच हसत सांगितलं होतं. घरी रीडिंग कशाचं घ्यायचं, असं त्या विचारायच्या. साहेबांनी वर बोलून त्यांना रिटायर झाल्यावर कॉन्ट्रॅक्टवर अजून दोन वर्षं ठेवून घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. ते कळलं त्या संध्याकाळी आत्या बसमध्ये गुणगुणत होत्या. त्यांना गाणं अजिबात येत नव्हतं.

त्याच सुमाराला सोनालीचा घोटाळा सुरू झाला.

सोनाली आमच्या न्हावऱ्याचीच. बाविशीतली मुलगी, घरी म्हशी आणि थोडी कांद्याची शेती, आणि ही कॉन्ट्रॅक्टवर लागलेली. बोटांनी इतकी चलाख की मणी क्लिपमध्ये कधी गेला ते दिसायचं नाही. बोलायला गोड, हसायला मोठी. आत्यांचा तिच्यावर जीव होता. आमच्यावर नव्हता असं नाही, पण दुपारच्या चहाची बिस्किटं तिच्या वाट्याला एक जास्त यायची हे मी पाहिलेलं आहे.

तिचा लाल ट्रे भरायला लागला. सकाळी सगळं ठीक, जेवणानंतर मणीच्या मणी नापास. आमच्या खोलीला हे म्हणजे घरात चोर शिरल्यासारखं झालं. आत्यांनी आधी एसीवर संशय घेतला. एसीवाला आला, त्याने जाळी काढली, धुतली, लावली, चहा प्यायला आणि एसीत काही नाही असं सांगून गेला. मग काचेतून दुपारचं ऊन येतं म्हणून पडदा लागला. मग मीटर तपासलं, तो पितळी डबा लावून. मग क्लिप बदलल्या. आत्यांनी नापास मणी तेलाच्या भांड्यात रात्रभर ठेवले, त्या तेलाचं तापमान अगदी पक्कं असतं, आणि सकाळी मोजले. सगळे पास. म्हणजे मणी चांगले, मीटर चांगलं, खोली चांगली.

मग माझी आणि सोनालीची जागा बदलली. तिच्या खुर्चीवर मी बसले तर सगळं सुरळीत. माझ्या खुर्चीवर ती बसली तर लाल ट्रे पुन्हा भरला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं की जेवणानंतर तू पेंगतेस, रीडिंग बसायची वाट बघत नाहीस, चांगला माल फेकतेस. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर कॉन्ट्रॅक्टरला दुसरी मुलगी द्यायला सांगावं लागेल. सोनाली खाली बघत होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या त्या गप्प राहण्याने आम्हा सगळ्यांना ते खरंच वाटलं. आत्यासुद्धा त्या दिवशी तिला रागावल्या. घाई करतीस, म्हणाल्या. मग मात्र त्यांना राहवलं नाही. ती कडप्प्यावर हात ठेवून उठली तशी त्यांनी तिचा हात हातात घेऊन पाहिला. चांगला गार होता. आत्यांनी मान हलवली आणि आपल्या जागेवर गेल्या.

तुमच्या लक्षात आलं असेल एव्हाना. आमच्या येत नव्हतं. दिवसभर तापमानाशिवाय दुसरा विषय नसलेल्या सहा बायका आणि एक इंजिनिअर, आणि आम्ही एसी धुऊन घेत होतो.

कळलं ते बसमध्ये. संध्याकाळची परतीची वेळ, शिरूर मागे पडलेलं, बस निम्मी रिकामी. आत्या नेहमीच्या डाव्या खिडकीत, शेजारी सोनाली, आणि मी पलीकडच्या बाजूला. ऊन माझ्या बाजूने आत येत होतं, पिवळं, जड, आणि सगळी बस अर्धवट झोपेत होती. सोनालीचा डोळा लागला आणि तिचं डोकं कलंडून आत्यांच्या खांद्यावर गेलं. आत्यांनी मला खूण केली, पडदा ओढ. मी ओढला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा खूण केली. मी म्हटलं, ओढलाय की. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या खांद्यावरच्या डोक्याकडे, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझा हात धरला आणि सोनालीच्या कपाळावर ठेवला.

भट्टी होती नुसती.

"रोज अशीच येत असंल," आत्या हळू म्हणाल्या. "आन् मीच हिला रोज कडप्प्यावर गार करून बसवत हुते."

दगडावर ठेवलेला हात थोडा वेळ गार राहतो. मग आतला ताप बोटांपर्यंत परत येतो, आणि दुपारभर प्रत्येक मण्याला तो लागतो, नेहमीएवढं थांबून रीडिंग बसत नाही. जेवणानंतर ताप चढायचा, म्हणून जेवणानंतर मणी नापास. ज्या हातांना दुपारी कुणीतरी सहज धरलं असतं तर कळलं असतं, ते हात आमच्या खोलीत आधी दगडावरून यायचे. आत्यांचाच नियम. तो त्यांनी खूप चांगल्यासाठी केला होता.

न्हावरं आलं तेव्हा आत्या आमच्याबरोबर खाली उतरल्या. त्यांना पुढे दौंडला जायचं होतं, बस निघून गेली, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. फाट्यावरच्या रसवंतीच्या बाकावर त्यांनी सोनालीला बसवलं आणि किती दिवस हे चाललंय ते विचारलं. सोनाली आधी नाही नाही म्हणाली. मग रडायला लागली. दिवाळीपासून, म्हणाली. दुपारी ताप, रात्री घाम, भूक नाही, थोडा खोकला. खोकला आम्ही ऐकला होता. एसीने घसा धरतो, असं आम्हीच तिला सांगत होतो.

"उद्या साहेबाला सांगते मी," आत्या म्हणाल्या. "तुझा हात चुकत न्हाई म्हणून."

सोनालीने त्यांचा पदर धरला. "आत्या, तसं नका सांगू. कामात चुकती म्हणून काढलं तर काढू द्या. आजारी म्हणून काढलं तर परत कुठल्याच कंपनीत कुणी घ्यायचं न्हाई."

ही गोष्ट खरी होती. आम्हा तिघींनाही माहीत होतं. चुकणारी मुलगी दुसऱ्या गेटवर जाऊन उभी राहू शकते. "तिला अमकं झालं होतं" हे एकदा कॉन्ट्रॅक्टरांच्या तोंडी गेलं की गेट बंद. त्या मुलीने आपलं नाव खराब करून घ्यायचं मनाशी ठरवलं होतं, आणि आम्हाला वाटलं होतं ती पेंगते. मला तेव्हा रडू आलं, आणि राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून मी रसवाल्याला बर्फ जास्त घातल्याबद्दल बोलले.

आत्यांनी तिच्या मुठीतला आपला पदर हळूच सोडवला. मग त्यांनी तिला एवढंच सांगितलं की उद्या तू कामावर यायचं नाहीस, मी तुझ्या घरी येणार, आणि आपण दोघी दवाखान्यात जायचं. नोकरीचं मी बघते. कसं बघणार ते त्यांनी सांगितलं नाही.

टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर समजावून सांगणारे होते. गोळ्या सहा महिने, एक दिवसही चुकवायच्या नाहीत, पूर्ण बरी होशील, पण आधी काही दिवस घरी, बंद खोलीत तर अजिबात नाही. आम्हालाही तपासून घ्यायला सांगितलं. आम्ही सगळ्या जाऊन आलो, कुणाला काही निघालं नाही. त्या आठवड्यात टेस्टिंगच्या खोलीचं काचेचं दार पहिल्यांदा सताड उघडं राहिलं. एसी बंद. बाहेरची धूळ, ट्रकांचे आवाज, कुठूनतरी भाजलेल्या शेंगांचा वास, सगळं आत आलं. मीटरवरचे आकडे वाऱ्यावर भटकत होते आणि आत्या ते बघत शांत बसल्या होत्या.

साहेबांशी त्या काय बोलल्या हे तेव्हा मला अर्धंच कळलं. त्यांनी साहेबांना खरं काय ते सांगितलं, आणि ते त्यांच्याकडून पुढे जाणार नाही असा शब्द घेतला. साहेबांनी तो पाळला, आणि खोलीतल्या आम्हीही बाहेर तोंड उघडलं नाही. कॉन्ट्रॅक्टरला कळलं ते एवढंच, की मुलीची काही चूक नव्हती आणि घरच्या अडचणीमुळे ती काही महिने येणार नाही. खोलीत सगळ्यांसाठी प्लॅस्टिकच्या चिमट्या आल्या. कडप्प्याचा नियम आत्यांनी स्वतःच बंद केला. त्यानंतर सकाळी कामाला बसताना त्या प्रत्येकीचा हात आधी आपल्या हातात घ्यायच्या, गार की गरम ते बघायच्या, आणि मग जा म्हणायच्या. पोरी हसायच्या. मीही हसायचे.

सोनालीकडे त्या दर सुट्टीला जायच्या. दौंडहून एसटीने न्हावऱ्याला यायच्या, पिशवीत अंडी, शेंगदाण्याचे लाडू. गोळ्या मोजायच्या नाहीत, विचारायच्याही नाहीत. तिच्या आईशी म्हशींबद्दल बोलायच्या आणि बोलता बोलता सोनालीचा हात हातात घेऊन बसायच्या. एकदा मी बरोबर होते. परत येताना एसटीत त्या म्हणाल्या, आज गार हुता. आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या, जसं धुक्याच्या सकाळी बघायच्या तसं, पण चेहरा वेगळा.

मग एक अघटित झालं. रिटायर व्हायची तारीख आली आणि आत्यांनी पुढची दोन वर्षं नको म्हणून सांगितलं. आम्ही थक्क झालो. गुडघे दुखतात, म्हणाल्या. बसचा प्रवास सोसत नाही, म्हणाल्या. ज्या बाईला रविवार जात नव्हता ती बाई कायमची घरी बसायला निघाली, आणि आम्ही गुडघ्यांवर विश्वास ठेवला. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, पितळी डबा पुसला, आणि बसमध्ये नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. न्हावऱ्याला मी उतरले तेव्हा त्या झोपल्याचं सोंग करत होत्या. मी त्यांना उठवलं नाही.

खरं काय ते मला पुढे साहेबांकडून कळलं, तेही दुसऱ्याच विषयावर बोलताना. नवीन मशिन येणार होतं, ते काही काम आपोआप करणार, म्हणून खोलीतली एक खुर्ची कमी होणार होती. सोनाली घरी, म्हणून तिचीच खुर्ची जाणार हे ठरल्यातच जमा होतं. आत्यांनी साहेबांना विचारलं होतं, मला दोन वर्षं ठेवणार ती खुर्ची कुठली? साहेब म्हणाले, कॉन्ट्रॅक्टचीच. मग ती तिला ठेवा, आत्या म्हणाल्या. साहेबांनी त्यांना दोन दिवस विचार करायला सांगितलं. दोन दिवसांनी त्या तेच म्हणाल्या.

सोनाली परत आली तेव्हा गालांवर मांस चढलेलं होतं आणि हसणं पुन्हा मोठं झालं होतं. आत्यांच्या रिकाम्या जागेकडे बघून ती म्हणाली, गुडघ्यांनी घात केला बघा आत्यांचा. मी म्हटलं, हो ना. आत्यांनी साहेबांकडून घेतला तसा शब्द माझ्याकडून घेतला नव्हता. मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, आणि ते बरं केलं असं मला आजही वाटतं. उपकाराचं ओझं घेऊन त्या पोरीला तिथे बसता आलं नसतं.

थंडी सुरू झाल्यावर मी दौंडला गेले. आत्या दारात खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, अंगावर शाल, चष्मा दोरीने गळ्यात लोंबलेला. बारीक झाल्या होत्या. स्टेशनात कुठलीतरी गाडी शिट्टी देत होती, आणि गल्लीत सगळीकडे दुपारची सुस्ती पसरलेली. मला बघून त्यांना आनंद झाला, पण पहिला प्रश्न सोनालीचा. कशी हाय? मी म्हटलं, उत्तम. वजन वाढलंय. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या सांगण्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं.

"तिला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं लाव, मला ऐकू यील असा. आन् मी हितं हाय म्हणून सांगू नको. मी हाय म्हणलं की ती जपून बोलंल. खोकला दाबून धरंल."

मी स्पीकर लावला. सोनालीला सुट्टी होती, ती रानात होती, मागे म्हशी हंबरत होत्या. मी काहीतरी विषय काढला, आणि तिला विषय पुरतो. धाकट्या बहिणीने तिची ओढणी पळवली ते तिने सांगितलं. नवीन मशिन कसं अडकतं आणि मग साहेब कसे त्याच्या पाठीवर थाप मारतात ते सांगितलं. ते सांगताना ती जी हसायला लागली ती थांबेना. हसता हसता धाप लागली, पुन्हा हसली. आत्या डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकत होत्या. ओठ हलत नव्हते, शालीतून बाहेर आलेला हात खुर्चीच्या दांडीवर तसाच होता. मी दोनदा फोन ठेवायला लागले, दोन्ही वेळा त्यांनी डोळे न उघडता बोटाने खूण केली, अजून. शेवटी सोनालीच म्हणाली, ताई, म्हशी कांद्यात शिरतायत, ठेवते.

फोन बंद झाला. आत्यांनी डोळे उघडले.

"एकदाबी खोकली न्हाई," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही खोकली.

त्यांनी शाल गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. ऊन त्यांच्या पायांवरून खाली उतरत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा ओशाळून.

"परत लाव गं," त्या म्हणाल्या. "कायतरी सांगायचं इसरलं म्हण."

मी परत लावला.